कायद्याची रेघ आणि हानीचे माप

दारू परवानाधारक दुकानात मिळते. गांजा जवळ सापडला तर पोलीस पकडतात. म्हणून दारू सौम्य आणि अमली पदार्थ भयंकर, असे आपण गृहीत धरतो. उलट आमच्या वसतिगृहातील काही मित्र 'दारूपेक्षा गांजा बरा' असे छातीठोकपणे सांगतात. ही दोन्ही मते तपासून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कायदा पाहू. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा आणि चरस निषिद्ध ठरवले. पण त्याच झाडाची नुसती पाने, म्हणजे भांग, त्या व्याख्येतून वगळली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आहे आणि त्याच कायद्याखाली परवाने देऊन दारू विकली जाते! ही रेघ आखताना रूढी आणि महसूल यांचाही विचार झालेला असतो. तिच्यावरून हानी मोजता येत नाही.

मग ती मोजावी कशी? ब्रिटनमधील डेव्हिड नट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली २० पदार्थ १६ निकषांवर तपासले. १०० पैकी दारूला ७२, हेरॉइनला ५५, क्रॅक कोकेनला ५४, तर गांजाला २० गुण पडले. गुण जास्त, तेवढी हानी जास्त. मात्र सेवन करणाऱ्याच्याच हानीपुरते पाहिले तर क्रॅक व हेरॉइन पुढे आहेत. हेरॉइनची मात्रा चुकली तर श्वासच थांबतो. दारू वर गेली ती इतरांना होणाऱ्या हानीमुळे: मारहाण, अपघात, उद्ध्वस्त संसार. शिवाय पिणाऱ्यांची संख्याही मोठी. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणी-अहवालानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात. भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे ३ कोटी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हेरॉइन सोडताना अतोनात यातना होतात, पण त्याने सहसा जीव जात नाही. जुन्या मद्यपीने दारू एकाएकी बंद केली तर झटके, भ्रम आणि प्रसंगी मृत्यूही येतो. म्हणून 'आजपासून सोड' असे सांगण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

आणि गांजाचे २० गुण म्हणजे शून्य नव्हे. कोवळ्या वयात नियमित गांजा ओढणाऱ्यांत गंभीर मनोविकाराचा धोका वाढतो.

तेव्हा मित्रहो, 'हे कायदेशीर आहे का?' एवढ्यावर थांबू नये. याची किंमत कोण मोजणार, हेही विचारावे. दारूच्या बाबतीत ती बहुधा न पिणारी आई, पत्नी आणि मुले मोजत असतात.