बेळगाव ते कन्याकुमारी, दुचाकीवर: निघण्याआधीची तयारी

'एकदा बाईकने कन्याकुमारीला जायचं' हे वाक्य आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर दर वर्षी कोणीतरी बोलतंच. बहुतेक वेळा ते चहाच्या कपाबरोबर संपतं. कधी कधी मात्र चार जण खरंच निघतात, आणि मग एक तर आयुष्यभर पुरेल असा प्रवास होतो, नाही तर अर्ध्या वाटेत पैशावरून मैत्री तुटते. त्याहून वाईट काय होऊ शकतं ते रोजच्या पेपरात आपण वाचतोच. हा फरक नशिबापेक्षा नियोजनाने जास्त पडतो. येत्या जानेवारीत आम्ही चौघं, म्हणजे दोन मुली आणि दोन मुलगे, तीन गाड्यांवर हा प्रवास करणार आहोत. गेले काही महिने त्याची आखणी चालू आहे. तिच्यात जे जे ठरवावं लागलं, ते इथे मांडते. तुम्हाला दुसरीकडे कुठे जायचं असलं तरी प्रश्न हेच पडतील.

रस्ता आणि दिवस

जाताना समुद्राच्या कडेने आणि येताना पठारावरून, असा आमचा फेरा आहे. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरायचं आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ धरायचा. पनवेलपासून कोकण, गोवा, कर्नाटक, केरळ असा हा रस्ता थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. परतताना महामार्ग ४४ ने मदुराई, सेलम करत बेंगळुरू गाठायचं आणि तिथून आपल्या ओळखीच्या ४८ ने तुमकुरू, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, धारवाड असं घरी यायचं. सगळं मिळून साधारण २,४०० किलोमीटर होतात.

नकाशा बघून बहुतेक जण म्हणतात, 'रोज चारशे मारले तर सहा दिवसांत परत!' इथेच हिशोब चुकतो. किलोमीटर मोजून भागत नाही, तास मोजावे लागतात. सेलम ते बेंगळुरू आणि केरळमधली कोळिकोड ते कोची ही अंतरं कागदावर जवळजवळ सारखी, २०० किलोमीटरच्या आसपास. पण केरळमध्ये गावाला गाव चिकटलेलं आहे आणि रस्ता रुंद करण्याचं कामही ठिकठिकाणी चालू आहे. तिथे सरासरी ताशी ३५ पडली तरी खूप. म्हणजे २१० किलोमीटरला सहा तास लागतील. त्यात चहा, जेवण, पाय मोकळे करणं याचे दोन तास धरा. सकाळी सातला निघालात तर दुपारी तीनला पोचाल. हीच वेळ योग्य आहे, कारण खोली शोधायला, चेनला तेल घालायला आणि हो, समुद्र बघायलाही उजेड हवा ना!

म्हणून आम्ही रोजची मर्यादा २५० किलोमीटर ठेवली आहे. मुक्काम असे: कारवार, उडुपी, कन्नूर, पोन्नानी, कोची, तिरुवनंतपुरम, कन्याकुमारी, मदुराई, सेलम, बेंगळुरू, दावणगेरे. बाराव्या दिवशी घर. पोन्नानी ते कोची हा टप्पा मुद्दाम शंभरेक किलोमीटरचाच ठेवला आहे. त्या दिवशी अर्धा दिवस गाड्या तपासायच्या आणि अर्धा दिवस झोपायचं. शिवाय एक तेरावा दिवस पूर्ण कोरा आहे. पंक्चर, ताप, पाऊस किंवा मरवंते गावाजवळ एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी बघून कोणी हललंच नाही, तर तो दिवस कामी येईल. कोरा दिवस नसेल तर झालेला उशीर माणूस वेगाने भरून काढायला बघतो, आणि अपघात तिथेच होतात.

कधी निघायचं

जून ते सप्टेंबर कोकण आणि केरळ पावसात असतं. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत परतीचा, म्हणजे ईशान्य मोसमी पाऊस असतो. एप्रिल-मेमध्ये मदुराई-सेलमच्या रस्त्यावर हेल्मेटच्या आत डोकं शिजतं. उरतात जानेवारी आणि फेब्रुवारी. त्यातही नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा गोव्यात गर्दीचा असतो, आणि खरं सांगायचं तर तेव्हा आमच्या घरातून मला कोणी सोडणारही नाही. जानेवारीच्या मध्यावर केरळमध्ये शबरीमलाच्या मकरविळक्कूची गर्दी आणि तमिळनाडूत पोंगल. पोंगलच्या दिवसांत बरीच गॅरेजं बंद असतात. म्हणून आम्ही २० जानेवारीनंतरची तारीख धरली.

गाडी कुठली?

जी आहे ती. माझी १२५ सीसी आहे, एकाची १५० आणि एकाची ३५०. लांबच्या प्रवासाला मोठीच गाडी लागते हा समज पक्का आहे, पण गणित करून बघा. १२५ च्या टाकीत १० लिटर पेट्रोल मावतं आणि लिटरला ५० किलोमीटर मिळतात, म्हणजे ५०० किलोमीटर. ३५० च्या टाकीत १३ लिटर, पण लिटरला ३३, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास. आधी तहान मोठ्या गाडीलाच लागते! वेगाचं मात्र उलटं आहे. १२५ ने तासन्‌तास ताशी ८० ने पळावं अशी अपेक्षा चुकीची. म्हणून सगळ्यांचा वेग ६० च्या आसपास, म्हणजे सगळ्यांत लहान गाडीला झेपेल तेवढा.

निघण्याच्या दोन आठवडे आधी सर्व्हिसिंग करून घ्यायचं, आदल्या दिवशी नाही. सर्व्हिसिंगनंतर काही सैल राहिलं असेल तर ते पुढच्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये कळतं, आणि ते किलोमीटर बेळगावातच झालेले बरे. टायर, ब्रेक, चेन, बॅटरी, दिवे नीट बघून घ्यायचे. वाटेत दर ५०० किलोमीटरला चेनला तेल आणि रोज सकाळी टायर गार असताना हवा तपासायची. बरोबर क्लच वायर, स्पार्क प्लग, पंक्चर किट आणि ट्यूब असलेल्या गाडीसाठी जादा ट्यूब. जड सामान खाली आणि पुढच्या बाजूला बांधायचं. मागे उंच ढीग रचला तर पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर गाडी डोलते.

कागदपत्रं, आणि त्यातली न दिसणारी फट

लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. पण फोनची बॅटरी संपते, म्हणून झेरॉक्स बरोबर ठेवा. हेल्मेट आयएसआय मार्कचं हवं, आणि मागे बसणाऱ्यालाही ते बंधनकारक आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्या वडिलांच्या नावावर असतात. विम्याबरोबर १५ लाखांचं जे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेलं असतं, ते नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल तेव्हाच लागू होतं. मुलगा किंवा मुलगी चालवत असेल तर नाही. मागे बसलेल्याचंही तसंच. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर त्याला भरपाई मिळेलच असं धरून चालू नका. आमच्या तीनपैकी दोन गाड्या वडिलांच्या नावावर आहेत. म्हणून आम्ही चौघांनी स्वतःच्या नावाने वेगळा अपघात विमा घ्यायचं ठरवलं. एजंटला हा प्रश्न सरळ विचारा आणि उत्तर कागदावर बघा.

पैसे

तिन्ही गाड्यांना मिळून साधारण १८५ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर १९,५०० च्या आत, म्हणजे माणशी ४,८५०. राहणं १२ रात्री, रोज ४०० प्रमाणे ४,८००. जेवणखाण १३ दिवस, रोज ४०० प्रमाणे ५,२००. सर्व्हिसिंग माणशी १,१००. आणि अडचणीसाठी २,५००, ज्याला एरवी हात लावायचा नाही. बेरीज होते साडेअठरा हजारांच्या आसपास, विमा वेगळा. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही, तेवढंच सुख!

आकडा बघून आमच्यातला एक जण गप्प झाला. दोन दिवसांनी म्हणाला, 'तुम्ही जावा, माझं काम आहे.' काम नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मग आम्ही तारीख ठरवायच्या आधी बचतीचा वेग ठरवला: सगळ्यांनी दरमहा सारखी रक्कम, आणि ती त्याला जमेल तेवढी. त्यामुळे प्रवास चार महिने पुढे गेला. जाऊ दे. कन्याकुमारी कुठे पळून जात नाही.

दुसरा वाद ३५० चा. तिला पेट्रोल जास्त लागतं, मग तिच्या मालकाने जास्त द्यायचे का? आणि ज्याच्याकडे गाडीच नाही त्याचं काय? आम्ही ठरवलं की पेट्रोल, सर्व्हिसिंग, पंक्चर सगळं एका खात्यात आणि चौघांत समान. गाडी कोणाचीही असो, प्रवास सगळ्यांचा आहे. तुम्ही वेगळं ठरवा, पण घर सोडण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा.

रस्त्यावरचे नियम

पुढे रस्ता माहीत असलेला, मधे सगळ्यांत लहान गाडी, शेवटी सगळ्यांत अनुभवी. प्रत्येकाने आपल्या मागच्यावर लक्ष ठेवायचं. आरशात तो दिसेनासा झाला की थांबायचं. वळणाच्या फाट्यावर मागचा येईपर्यंत पुढचा हलणार नाही. दर ५०-६० किलोमीटरला थांबा. संध्याकाळी सहानंतर गाडी नाही, मग मुक्कामाचं गाव २० किलोमीटरवर असलं तरी. टेललाइट नसलेले ट्रक, रस्त्यात बसलेली गुरं, उलट्या बाजूने येणारे दुचाकीवाले हे अंधारात दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

मदतीसाठी ११२ आणि महामार्गाची १०३३ हे क्रमांक फोनमध्ये हवेत. रस्त्यात दुसऱ्या कोणाला अपघात झालेला दिसला तर घाबरून पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे.

आणि सगळ्यांत वरचा नियम: 'मला नाही जमत' असं एकाने म्हटलं की सगळे थांबतात. कारण विचारायचं नाही, चेष्टा करायची नाही. झोप येत असताना केवळ मित्र हसतील म्हणून चालवत राहणारा माणूस चौघांनाही संकटात घालतो. घरच्यांना तयार करतानाही हाच नियम कामाला आला. आम्ही चौघांच्या आईवडिलांना एकत्र बसवून मुक्काम, फोनच्या वेळा आणि ही नियमांची यादी दाखवली. 'थांबायची परवानगी आहे' हे ऐकल्यावर माझे पप्पा म्हणाले, 'मग जा.'

शेवटी, भाषा

या फेऱ्यात मराठी, कोकणी, कन्नड, तुळू, मल्याळम आणि तमिळ एवढ्या भाषा लागतात. बेळगावच्या पोरांना कन्नड येतं, म्हणजे अर्धा रस्ता सोपा. बाकीच्यासाठी एका कागदावर पाणी, पंक्चर, दवाखाना, डावीकडे, उजवीकडे एवढे शब्द उतरवून घ्या. याच बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिलं. त्यातली यमुना प्रवासात गावोगावची माणसं आणि त्यांची दुःखं समजून घेते. आपल्यालाही नुसते फोटो काढून परतायचं नसेल तर चार शब्द तरी यायला हवेत.

त्या यादीत मी पहिला शब्द लिहिलाय तो 'सावकाश'. कोकणीत सवकास, कन्नडमध्ये निधान, मल्याळममध्ये पदुक्के, तमिळमध्ये मेदुवा. तुमचा बेत कुठलाही असो, हा शब्द बरोबर असू द्या.