लिनक्स कर्नलमधील साठवण-मार्गाचा सदोष बदल आणि त्याची माघार

कर्नल हा संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा होय. फाइल जतन करण्याची आज्ञा डिस्कपर्यंत नेण्याचे काम कर्नलमधील ड्रायव्हर आणि त्यावरील रांगांची व्यवस्था करते. या थरातील दोष पडद्यावर न दिसता थेट डिस्कवर उमटू शकतो. म्हणूनच येथील बदल मागे कसा घेतला जातो, याचा विचार प्रस्तुत लेखात लिनक्सच्या ‘स्कझी’ उपप्रणालीच्या आधारे केला आहे.

पूर्वी एका डिस्कच्या सर्व विनंत्या एकाच रांगेतून जात. अनेक कोअरच्या प्रोसेसरांना ती अपुरी पडू लागल्याने बहुरांगी यंत्रणा आली व २०१४ मध्ये स्कझीसाठी ती ऐच्छिक स्वरूपात उपलब्ध झाली. २०१७ मध्ये, ४.१३ आवृत्तीच्या तयारीत, तिला मूळ निवडीचे स्थान देण्यात आले. पूर्वी विचारात न घेतलेल्या संगणक-रचनांवर मात्र बिघाड दिसू लागले. दुरुस्त्या सुरू होत्या. परंतु प्रकाशनाच्या तोंडावर स्वीकारण्याच्या मानाने त्या फार व्यापक होत्या. अखेर ज्या ख्रिस्तोफ हेलविग यांनी हा बदल केला होता, त्यांनीच तो मागे घेतला. यंत्रणा कर्नलमध्ये राहिली, फक्त मूळ निवड पूर्ववत झाली. अशी माघार म्हणजे जुनी नोंद खोडणे नव्हे. विरुद्ध बदलाची नवी नोंद कारणासह केली जाते आणि पहिली नोंदही कायम राहते. दुरुस्ती तयार होण्याआधीच माघार घेण्यात प्रस्तुत लेखकास कमीपणा वाटत नाही.

२०१८ मध्ये ४.१९ आवृत्तीत बहुरांगी मार्ग पुन्हा मूळ निवड झाला. त्याच आवृत्तीत विनंती रांगेत न ठेवता थेट डिस्ककडे धाडण्याची सोय वाढविण्यात आली होती. काही वापरकर्त्यांच्या फाइली बिघडू लागल्या आणि प्रथम संशय बिचाऱ्या एक्स्ट-४ फाइल-व्यवस्थेवर गेला! प्रत्यक्षात, डिस्क व्यग्र असल्यास परत आलेली विनंती पुन्हा रांगेत जाई व तेथे तिला दुसरी विनंती जोडली जाई. ड्रायव्हरने कोणता डेटा स्मृतीत कोठे ठेवायचा याचे कोष्टक मात्र आधीच मांडलेले असे. परिणामी मूळ भागापुरतेच वाचन वा लेखन होई. डिसेंबर २०१८ च्या ४.१९.८ मध्ये अशा विनंतीची जोडणी रोखण्यात आली. बिघडलेल्या फाइली मात्र नव्या कर्नलने सुधारल्या नाहीत. त्या केवळ जुन्या प्रतींवरूनच परत मिळविता येत होत्या.

मार्च २०१९ च्या ५.० आवृत्तीतून जुना एकरांगी मार्गच वगळण्यात आला. त्यामुळे २०१७ सारखी केवळ मूळ निवड बदलून घेतलेली माघार त्यानंतर शक्य राहिली नाही.