युक्तिवादाचं इंग्रजी कसं वाचावं?

इंग्रजी वर्तमानपत्र रोज सहज वाचणारे अनेक जण एखादा वैचारिक ग्रंथ किंवा न्यायालयाचा निकाल हाती आला की अडखळतात. वाक्यं समजतात, पण लेखक कोणाचं मत खोडतो आहे, काय मान्य करतो आहे आणि स्वतः काय म्हणतो आहे, हे निसटतं. मग अवघड शब्दांच्या याद्या पाठ करायला सुरुवात होते. परीक्षेत त्याचा उपयोग होतो, वाचनात फारसा होत नाही. युक्तिवाद वाचताना शब्दाचा अर्थ माहीत असणं पुरत नाही. तो शब्द वादात कोणतं काम करतो, हे कळावं लागतं. त्याची तयारी घरबसल्या करता येते.

पहिली पायरी मजकूर निवडण्याची. सुट्या शब्दांपासून सुरुवात करू नका, एक सलग युक्तिवाद घ्या. मराठी वाचकासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ ही उत्तम निवड आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी 1936 साली लिहिलेलं हे अध्यक्षीय भाषण. मजकुरावरून मतभेद झाले, परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर आक्षेप घेतले. 1937च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ते आक्षेप आणि आपलं उत्तर, दोन्ही समाविष्ट केली. त्यामुळे प्रतिपादन, आक्षेप आणि उत्तर एकाच पुस्तकात सापडतं. महाराष्ट्र शासनाने 1979 साली प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात हा मजकूर आहे.

दुसरी पायरी म्हणजे शब्दकोश मिटून पहिलं वाचन. हातात पेन्सिल ठेवा आणि प्रत्येक विभागाला तीन प्रश्न विचारा. इथे पूर्वपक्ष कोणता? लेखकाचा सिद्धान्त कोणता? त्याला आधार काय? ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी 1958च्या ‘द यूजेस ऑफ आर्ग्युमेंट’मध्ये युक्तिवादाची अंगं सांगितली: दावा, पुरावा, त्या दोघांना जोडणारं तत्त्व, दाव्याची मर्यादा आणि संभाव्य खंडन. आपल्याकडे न्यायदर्शनाने प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव कितीतरी आधी मांडले. दोन्ही मांडण्या हुबेहूब सारख्या नाहीत, पण ‘क्लेम’ला प्रतिज्ञा आणि ‘फॅलसी’ला हेत्वाभास असं मनाशी जोडलं, की इंग्रजी संज्ञा परकी वाटत नाही.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची: लहान शब्दांकडे लक्ष द्या. या पुस्तकात जातिव्यवस्थेच्या समर्थकांना दिलेलं उत्तर पाहा. समर्थक म्हणतात, जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणीच, आणि ती तर प्रत्येक सुधारलेल्या समाजाला लागते. बाबासाहेब सांगतात की जातिव्यवस्था केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीही विभागणी आहे. इथे ‘मीअरली’ म्हणजे ‘केवळ’ हा शब्द फार मोलाचा आहे. तो नजरेतून सुटला, तर बाबासाहेब श्रमविभागणी साफ नाकारत आहेत असा उलटा समज होईल. पुढे ‘अनडाउटेडली’, म्हणजे ‘निःसंशय’, येतो. सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी हवी, एवढं त्यांनी इथे मान्य केलं. लगेच ‘बट’ येतो आणि वाद वळतो: श्रमिकांना असं बंदिस्त कप्प्यांत टाकणारी विभागणी सुधारलेल्या समाजात कुठेच नाही. ‘बट’पर्यंत प्रतिपक्षाला दिलेली सवलत आहे, खरा प्रहार त्यानंतर आहे. हे तिन्ही शब्द शाळेत शिकलेले असतात. युक्तिवादाचा तोल मात्र त्यांच्यावरच उभा असतो. ‘ऑल्दो’, ‘अ‍ॅडमिटेडली’, ‘नॉटविथस्टँडिंग’, ‘ऑस्टेन्सिबली’ हे शब्द याच जातकुळीतले. पहिले तीन सवलत देतात. चौथा ‘वरवर पाहता’ असं सुचवून आतलं कारण वेगळं असल्याची खूण करतो.

मग कठीण शब्द सगळेच सोडायचे का? नाही. ज्या शब्दावर लेखकाचा सिद्धान्त टेकलेला आहे, तिथे थांबायचं. याच पुस्तकात आदर्श समाजाचं वर्णन करताना ‘सोशल एन्डॉस्मोसिस’ हा प्रयोग येतो. पातळ पडद्यातून द्रव आत झिरपण्याच्या क्रियेचं हे शास्त्रीय नाव. बाबासाहेबांनी ही कल्पना कोलंबिया विद्यापीठातले आपले गुरू जॉन ड्युई यांच्याकडून घेतली. समाजातल्या गटांमध्ये विचार आणि अनुभव असे सतत झिरपत राहावेत, हा तिचा आशय. हा शब्द ओलांडून पुढे गेलात, तर त्यांची बंधुतेची कल्पना अर्धीच कळेल.

चौथी पायरी क्रियापदांची. लेखक दुसऱ्याचं मत सांगताना जे क्रियापद निवडतो, त्यातून त्याचा कल दिसतो. ‘स्टेट’ तटस्थ आहे, ‘कंटेंड’ म्हणजे आग्रहाने प्रतिपादन करणं, ‘अलेज’ म्हणजे सिद्ध न झालेला आरोप करणं, ‘कन्सीड’ म्हणजे नाइलाजाने का होईना, मान्य करणं. नाकारण्याच्या शब्दांतही फरक आहे. ‘डिनाय’ म्हणजे नाकारणं, ‘रिबट’ म्हणजे प्रत्युत्तर देणं, ‘रिफ्यूट’ म्हणजे चूक सिद्ध करून दाखवणं आणि ‘रिप्युडिएट’ म्हणजे संबंधच तोडणं. मंत्र्याने आरोप ‘डिनाय’ केला म्हणजे तो ‘रिफ्यूट’ झाला, असं होत नाही.

पाचवी पायरी ओळखीच्या शब्दांच्या अनोळखी अर्थांची. ‘क्वालिफाइड सपोर्ट’ म्हणजे पात्र माणसाचा पाठिंबा नव्हे, अटी घालून दिलेला पाठिंबा. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, पण एखाद्या देशावर लादले जातात ते ‘सँक्शन्स’ म्हणजे निर्बंध. समाजचिंतनात हाच शब्द रूढीला बळ देणाऱ्या अधिकारासाठी येतो. जुन्या गद्यात ‘वाँट’ म्हणजे इच्छा नव्हे, उणीव. ओळखीचा शब्द वाक्यात बसत नसेल, तर शब्दकोशातला दुसरा-तिसरा अर्थ पाहायलाच हवा.

सहावी पायरी धातूंची. आहार, विहार, प्रहार, संहार यांच्या मुळाशी एकच धातू आहे, हे आपण शाळेत शिकतो. तीच सवय इथे वापरा. लॅटिनमध्ये ‘डिक्ट’चा संबंध बोलण्याशी आहे; त्यावरून ‘कॉन्ट्राडिक्ट’, ‘व्हर्डिक्ट’, ‘प्रेडिक्ट’ एकदम ध्यानात राहतात. मात्र धातूवरून फक्त अंदाज बांधावा, निर्णय संदर्भावरूनच करावा.

किती शब्द लागतील? पॉल नेशन यांच्या 2006च्या अभ्यासानुसार इंग्रजी पुस्तकं आधाराशिवाय वाचायला सुमारे 8,000 ते 9,000 शब्दकुटुंबं, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं, लागतात. आकडा मोठा आहे, पण सुरुवात आटोपशीर करता येते. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हेरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अभ्यासपर लेखनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची यादी प्रसिद्ध केली. ती पाठ करू नका. आपण वाचलेल्या मजकुरात त्यातले कोणते शब्द भेटले, त्यावर खूण करत जा.

शेवटी वही. प्रत्येक शब्दापुढे चार गोष्टी लिहा: तो जिथे भेटला ते वाक्य, मराठी अर्थ, वादातलं त्याचं काम आणि आपलं स्वतःचं एक वाक्य. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पान पुन्हा उघडा. रोज पाच शब्द पुरेत.

ही मेहनत नुसत्या भाषेसाठी नाही. कायदे, निकाल, धोरणं यांचे मूळ मसुदे आजही मोठ्या प्रमाणावर इंग्रजीत असतात, आणि ते ज्याला वाचता येत नाहीत त्याला दुसऱ्याने सांगितलेल्या सारांशावर विसंबावं लागतं. श्रमविभागणीचा तो लहानसा विभाग आज उघडा आणि त्यातल्या प्रत्येक ‘बट’खाली रेघ ओढा. सुरुवात तेवढ्याने होते.