दाढ काढण्यापूर्वी एक प्रश्न

दाढ काढणे ही आपल्याकडे किरकोळ बाब समजली जाते. जुन्नर-आंबेगावकडचा माणूस नारायणगावला किंवा मंचरला येतो, दाढ काढून घेतो आणि कापसाचा बोळा दाताखाली धरून संध्याकाळच्या एस. टी.ने घरी परततो. बहुतेकांचे तेवढ्यावर भागते. पण एखाद्याचे रक्त थांबता थांबत नाही. अशांपैकी काही जण हिमोफिलियाचे रुग्ण असतात.

रक्त गोठण्यासाठी त्यातील काही प्रथिने एकामागून एक कामाला लागतात. त्यांना ‘फॅक्टर’ म्हणतात. आठवा फॅक्टर कमी असला तर हिमोफिलिया ‘ए’, नववा कमी असला तर ‘बी’. दोष बहुधा आईकडून येतो आणि भोगतो मुलगा. व्हिक्टोरिया राणीचा पुत्र लिओपोल्ड १८८४ साली पडण्याचे निमित्त होऊन गेला, तो याच विकाराने. मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणालाच हा त्रास नसतो. विकार सौम्य असला, तर त्याचा पत्ता पुष्कळदा पहिली दाढ काढल्यावरच लागतो!

दातच का? दाढेखालचा हाडातील खड्डा टाक्यांनी पुरता मिटत नाही, आणि लाळेतील घटक धरलेली गुठळी विरघळवतात. त्यामुळे दवाखान्यात थांबलेले रक्त काही तासांनी, कधी काही दिवसांनीही, पुन्हा सुरू होते. तेव्हा रुग्ण भीमाशंकरच्या कुशीतल्या एखाद्या वाडीवर असतो, आणि जुन्नरहूनही पुणे नव्वद किलोमीटरांच्या वर! खालचा जबडा बधिर करणारी सुईसुद्धा जपून द्यावी लागते. घशाकडे रक्त साकळले तर श्वास कोंडतो.

उपाय आहेत, पण ते आधी करायचे. दाढ काढण्यापूर्वी उणा फॅक्टर शिरेतून देतात. पुढे आठवडाभर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या किंवा गुळण्या, आणि गार, मऊ आहार. ॲस्पिरिन कटाक्षाने वर्ज्य. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत या विकाराची तपासणी होते.

रक्त येईल म्हणून अशा मुलांचे दात घासणे टाळू नये. त्याने दात किडतात आणि काढण्याचीच पाळी येते. आणि दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे: माझ्या, माझ्या मामाच्या किंवा मावसभावाच्या जखमेचे रक्त कधी फार वेळ वाहिले होते का? उत्तर ‘हो’ असेल, तर दाढ थोडी थांबू शकते. आधी रक्त तपासावे.