उभ्या गाडीचा खडखडाट : कारण कसे शोधावे?

कुपवाड परिसरातील अनेक शेतकऱ्यांच्या दारात आता ट्रॅक्टरबरोबर जीप, पिकअप किंवा लहान मोटारही दिसते. बेदाणा शीतगृहात पोहोचवावयाचा, हळदीची पोती सांगलीच्या बाजारात न्यावयाची, खते-औषधे आणावयाची, ही सारी कामे तिच्यावरच होतात. अशी गाडी रस्त्याने चांगली पळते. परंतु वजनकाट्यापुढे रांगेत उभी राहिली, की खालून खडखड सुरू होते. थोडी रेस दिली की आवाज जातो, सोडली की पुन्हा येतो. काही जण याकडे दुर्लक्ष करतात, तर काही जण घाबरून थेट इंजिन खोलावयास लावतात. दोन्ही प्रकार महागात पडतात. खडखडाट एका सैल पत्र्याचा असू शकतो, तसाच तेल संपत आलेल्या इंजिनाचाही असू शकतो.

उभ्या गाडीचे इंजिन साधारणपणे मिनिटास ७०० ते ९०० फेरे घेते. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे ८०० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे २७ धक्के बसतात. हे धक्के सुटे सुटे असल्याने इंजिन हलते आणि जो भाग सैल असेल तो त्या तालावर वाजू लागतो. रेस वाढली की धक्क्यांचा वेग बदलतो व तो भाग गप्प होतो. म्हणून थोड्या रेसने नाहीसा होणारा आवाज बहुधा पत्रा, फाउंडेशनचे रबर किंवा गिअरबॉक्सकडचा असतो. रेसबरोबर जलद होत जाणारा आवाज मात्र इंजिनाचा अथवा पट्ट्यावर फिरणाऱ्या भागांचा समजावा.

प्रथम तेल पहावे

शोधाची सुरुवात डिपस्टिकपासून करावी. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, पाच-दहा मिनिटे थांबावे व मग तेलाची पातळी पहावी. गरम इंजिन मंद गतीवर असताना तेलाचा दाब सर्वांत कमी असतो. त्यामुळे तेल कमी झाल्याचा परिणाम उभ्या गाडीत आधी ऐकू येतो. तेलाचा लाल दिवा लागला असेल, किंवा आतून जड ठकठक येऊन ती भार पडल्यावर वाढत असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. ‘एवढे घरापर्यंत नेऊ’ असे म्हणून गाडी चालवू नये, ती ओढून न्यावी. बेअरिंग धरले तर क्रँकशाफ्टही जाते आणि दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो.

पत्रा व सायलेन्सर

तेल ठीक असेल तर गाडीखाली पहावे. आमच्या अनुभवात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त घाबरवणारा खडखडाट येथेच सापडतो. इंजिन बंद व पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या नळीवर मुठीने हलके ठोकत मागे जावे. नळीच्या भोवती उष्णता अडविणारा पातळ पत्रा असतो. त्याचे बोल्ट गंजले की तो डब्यासारखा वाजतो. त्यावर स्टीलची मोठी होज क्लिप आवळली तरी काम भागते. हा पत्रा काढून टाकण्याचा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. तो मानू नये. धूर शुद्ध करणारा डबा चालू गाडीत कित्येकशे अंश तापतो. ऊसतोडीच्या दिवसांत पाचटावर गाडी उभी केली आणि पत्रा नसेल, तर फडाला आग लागण्यास तेवढे पुरे आहे. पत्रा असला तरी पाचटावर गाडी उभी न करणेच चांगले. ठोकल्यावर त्या डब्याच्या आतून तुकडे हलल्यासारखा आवाज आला, तर आतील चिनीमातीची जाळी फुटली असे समजून डबा बदलावा.

इंजिनाजवळ सायलेन्सरचे पॅकिंग फुटले तर टॅपेटसारखी टिकटिक येते. ती थंडपणी मोठी व गरम झाल्यावर कमी होते. ही गळती टाळू नये. काट्यावर रांगेत काचा लावून, एसी चालू ठेवून झोपणाऱ्या चालकाच्या केबिनमध्ये तो धूर शिरू शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो.

क्लच दाबून पहावा

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँड ब्रेक ओढावा व क्लच पूर्ण दाबावा. दाबल्यावर आवाज बंद झाला तर गिअरबॉक्सचे पुढील बेअरिंग किंवा क्लच प्लेटच्या स्प्रिंगा तपासाव्यात. उलट दाबल्यावरच आवाज आला तर रिलीज बेअरिंग गेले आहे. एसी बंद-चालू केल्याने फरक पडला तर कॉम्प्रेसर व पट्ट्याकडे पहावे.

आवाजापेक्षा थरथर जास्त असेल तर फाउंडेशनचे रबर फाटलेले असते. तेल गळून त्यावर पडले की रबर फुगते व मऊ होते, म्हणून आधी गळती बंद करावी. टायरचा तुकडा घालून फाउंडेशन चालू करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने खडखड थांबते, पण सारे हादरे चेसिसवर जातात.

आवाजाची नेमकी जागा शोधण्यास ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीचा मीटरभर, छिद्रे नसलेला तुकडा उत्तम चालतो. एक टोक कानाशी धरावे व दुसरे अल्टरनेटर, वॉटर पंप, टॅपेट कव्हर अशा एकेका भागाजवळ न्यावे. खांद्यावरचा टॉवेल आधी काढून ठेवावा. नळी पंखा व पट्ट्यापासून दूर धरावी. विजेवरचा पंखा केव्हाही सुरू होतो. टॅपेट कव्हरखाली एकसारखी टिकटिक असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॅपेट सेट करून घ्यावेत. सुरू करताच दोन-तीन सेकंद वाजून थांबणाऱ्या आवाजाची लगेच काळजी नसते. तो लांबत चालला तर टायमिंग चेन दाखवावी.

डिझेल इंजिन थंड असताना थोडे कडकडतेच. जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री इंजेक्टरची नळी एकेक करून सैल करतात व कोणता सिलिंडर वाजतो ते ओळखतात. कॉमन रेल इंजिनात हा प्रयोग कदापि करू नये. त्यातील दाब हजार बारच्याही वर जातो व बारीक धार कातडीतून आत घुसते. नवीन पिकअप तसेच २०२३ पासूनच्या ५० अश्वशक्तीवरील अनेक ट्रॅक्टरांत हीच पद्धत आहे.

गॅरेजमध्ये जाताना आवाज थंडपणी येतो की गरमपणी, क्लच व एसीने बदलतो का, रेसने जातो की वाढतो, हे कागदावर लिहून न्यावे. काम झाल्यावर बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि इंजिन गरम करून गाडी मिस्त्रीसमोरच दहा मिनिटे उभी चालू ठेवावी.