शिंपी की राखी वटवट्या?

वर्षावासात विहाराच्या आवारातील झुडपे छाटताना शिवलेले पान दिसले की सगळे म्हणतात, "शिंपी!" पण राखी वटवट्याही पाने शिवून घरटे करतो. म्हणून घरट्यावर न जाता पक्षी पाहावा. दोघेही चिमणीहून लहान. शिंप्याचा माथा तांबूस, पाठ हिरवट, पोट पांढुरके. वटवट्याचे डोके व पाठ राखाडी, पोट पिवळट-तांबूस, डोळा लालसर. उडताना चट्‌चट् आवाज येतो. तो एकदा ऐकला की घोटाळा होत नाही. भगिनींनी यांच्यासाठी तांदूळ टाकू नयेत, हे किडे खाणारे. पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. घरटे कोणाचेही असो, त्या झुडपाला आश्विन पौर्णिमेपर्यंत कात्री लावायची नाही, असे आम्ही ठरवून घेतले आहे.