खाजगी वाहनतळावरील 'दंड' आणि ग्राहकाचे कायदेशीर हक्क : घोडपदेव परिसराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : खाजगी वाहनतळ, दंड, निक्षेप, अनुचित करार, ग्राहक आयोग

प्रस्तावना :

घोडपदेव ही मूळची गिरणी व गोदी कामगारांची वस्ती. रामभाऊ भोगले मार्गावरील न्यू हिंद मिलच्या जागेवर आज गिरणी कामगारांसाठी म्हाडाने बांधलेल्या उंच इमारती आहेत. पलीकडे लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. भायखळा ते वरळी या पट्ट्यात १९८२ च्या संपानंतर जे स्थित्यंतर घडले, त्याचा एक दुर्लक्षित परिणाम म्हणजे वाहने उभी करण्याच्या जागेचा प्रश्न होय. चाळी बांधल्या गेल्या तेव्हा त्यांत राहणाऱ्याकडे सायकल असणे हीदेखील मोठी गोष्ट होती. आज त्याच चाळीतील मुलाकडे दुचाकी आहे; मात्र ती उभी करण्यास हक्काची जागा नाही. खरेदीस गेल्यावर तो दुकानाच्या किंवा मॉलच्या वाहनतळाचा आश्रय घेतो आणि तेथेच त्याची 'दंड' या शब्दाशी गाठ पडते.

पावती हरवली, तीनशे रुपये दंड. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबलात, पाचशे रुपये. खरेदीचे बिल नाही, चाकाला कुलूप. रक्कम लहान असते, मागे गाड्यांची रांग लागलेली असते आणि बहुतेक लोक पैसे देऊन मोकळे होतात. ही वसुली कोणत्या अधिकाराने होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

दंड कोण करू शकतो?

शिक्षा म्हणून दंड आकारण्याचा अधिकार कायद्यातूनच येतो. सार्वजनिक रस्त्यावर चुकीच्या जागी वाहन उभे केल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ लागू होतो. त्यातील कलम १७७ अन्वये सर्वसाधारण दंड २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यास ५०० रुपयांपर्यंत व पुढील गुन्ह्यास १,५०० रुपयांपर्यंत करण्यात आला. मुंबई महानगरपालिकेने ७ जुलै २०१९ पासून आपल्या सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा उभ्या केलेल्या वाहनांवर ५,००० ते सुमारे २३,००० रुपयांपर्यंत आकारणी सुरू केली, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. तथापि त्या वसुलीमागे निदान एक वैधानिक संस्था उभी होती आणि तिला जाब विचारता येत होता.

दुकानदाराचे तसे नाही. त्याने फलकावर 'दंड' असे ठळक अक्षरांत लिहिले, तरी कायद्याच्या दृष्टीने तो दंड ठरत नाही. तो फार तर कराराच्या भंगाबद्दल केलेला भरपाईचा दावा असतो. सर्व पुढील विवेचन या एका भेदावर अवलंबून आहे. चाकाला कुलूप लावण्याबाबतही हेच म्हणता येईल. उक्त अधिनियमाच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक ठिकाणी दहा तास वा अधिक काळ बेवारस सोडलेले किंवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन ओढून नेण्याचा अथवा जखडण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. खाजगी सुरक्षारक्षकाचा त्यात उल्लेख नाही.

निक्षेप आणि धारणाधिकार :

पैसे घेऊन वाहन ताब्यात घेतले जाते, किल्ली सोपवली जाते, तेव्हा भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ मधील निक्षेपाचा संबंध निर्माण होतो. 'वाहने मालकाच्या जबाबदारीवर' ही पावतीमागची ओळ सर्वपरिचित आहे. दिल्लीतील ताजमहाल हॉटेलच्या सेवकाकडे १९९८ साली सोपवलेली मोटार चोरीस गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये हॉटेलवरील जबाबदारी कायम ठेवली. वाहन ताब्यात घेणाऱ्याने योग्य काळजी घेतल्याचे आधी दाखवावे लागते, केवळ त्या छापील ओळीमागे लपता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. ग्राहक स्वतःच गाडी लावून किल्ली खिशात घेऊन जातो, तेथे ताबा दिला गेला की नुसती जागा वापरण्याची परवानगी मिळाली, हा वादाचा मुद्दा राहतो.

आता दंड दिला नाही म्हणून गाडी अडवून ठेवता येईल काय? कलम १७० मधील धारणाधिकार हा निक्षेपित वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च करणाऱ्यापुरता आहे. गाडी दुरुस्त करणारा मेकॅनिक मजुरी मिळेपर्यंत ती ठेवून घेऊ शकतो. गाडी नुसती उभी करू देणाऱ्याने तिच्यावर कोणतेही कौशल्य खर्च केलेले नसते. कलम १७१ मधील व्यापक धारणाधिकार बँका, अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयातील वकील व विमा दलाल यांना आहे. वाहनतळाचा ठेकेदार या यादीत बसत नाही.

दुकानदाराची बाजू :

येथे दुकानदाराच्या म्हणण्यातही तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. पावती हा वाहन कोणाचे याचा पुरावा असतो. ती न दाखवणाऱ्याला विनाचौकशी गाडी नेऊ दिली आणि ती चोराने नेली, तर कलम १५१ खालील काळजीच्या कर्तव्यात कसूर झाली असे म्हटले जाईल. तेव्हा नोंदणी पुस्तक पाहणे, वाहन परवाना पाहणे, नाव लिहून सही घेणे यास हरकत घेणे गैर आहे. या खटाटोपासाठी माफक रक्कम मागितल्यास तीही समजण्यासारखी आहे. प्रवेशाची वेळ कळत नसेल तर दिवसभराचा आकार लावणेही एकवेळ पटते. परंतु प्रवेशद्वारावर गाडीचा क्रमांक टिपणारा कॅमेरा असताना वेळ माहीत नाही असे म्हणणे टिकणारे नाही.

दुसरी बाब अधिक अडचणीची. गणेशोत्सवात लालबागला येणाऱ्या गर्दीतील अनेक जण आसपासच्या दुकानांच्या आवारात वाहने लावतात आणि खरेदी मात्र करत नाहीत. असा माणूस त्या दुकानाचा ग्राहक नव्हे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या जागेत शिरलेला इसम होय. त्याला ग्राहक आयोगाचे दार सहजासहजी उघडणार नाही. तरीही दुकानदाराला मिळू शकते ती झालेल्या नुकसानीची भरपाई, मनमानी रक्कम नव्हे.

भरपाई किती?

कलम ७४ नुसार करारात रक्कम आधीच ठरवलेली असली, तरी भंगाबद्दल केवळ 'वाजवी भरपाई' मिळते आणि ठरवलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. फतेचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) या निर्णयापासून ही भूमिका स्थिर आहे. इंग्लंडमधील स्थिती याहून वेगळी आहे. चेम्सफर्ड येथील एका व्यापारी संकुलात दोन तास मोफत वाहनतळाची सोय होती. एक ग्राहक ५६ मिनिटे जास्त थांबला आणि त्याच्याकडून ८५ पौंड मागण्यात आले. पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०१५ रोजी ती रक्कम वैध ठरवली. प्रत्यक्ष नुकसान नसले तरी जागा फिरती ठेवण्यात वाहनतळाचे न्याय्य हित आहे, असे कारण दिले. भारतातील कलम ७४ च्या चौकटीत हा युक्तिवाद इतक्या सहजपणे बसत नाही. मात्र इंग्लंडमध्ये खाजगी जागेत चाक जखडण्यास १ ऑक्टोबर २०१२ पासून बंदी आली आणि वाहनचालकाला विनाशुल्क दाद मागता येईल अशी स्वतंत्र अपील यंत्रणाही त्याच सुमारास उभी राहिली. आपल्याकडे तत्त्व ग्राहकाच्या बाजूचे आणि यंत्रणा दूरची, असा उलटा प्रकार आहे.

फलक कोठे लावला होता, हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो. थॉर्नटन विरुद्ध शू लेन पार्किंग (१९७१) या इंग्रजी खटल्यात स्वयंचलित यंत्रातून पावती बाहेर आल्यावर मागाहून कळलेल्या अटी ग्राहकाला बांधून ठेवत नाहीत, असे ठरले. दंडाची अट आत शिरण्यापूर्वी, ग्राहकाला समजेल अशा भाषेत दिसली पाहिजे. घोडपदेवसारख्या वस्तीत केवळ इंग्रजी बारीक टायपातील सूचना या कसोटीस उतरेल काय, याचा विचार दुकानदारांनी करावा.

मूळ आकारच घेता येतो का, हा वाद निराळा आहे. तेलंगणा सरकारने मार्च २०१८ च्या आदेशाने मॉलमधील पहिली तीस मिनिटे मोफत केली. गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जुलै २०१९ मध्ये मॉलना आकार घेता येणार नाही असा निर्णय दिला. हे निर्णय महाराष्ट्रात बंधनकारक नाहीत आणि मुंबईतील मॉल आकार घेतात.

दाद मागण्याचा मार्ग :

प्रत्यक्ष प्रसंगी फाटकावरील रक्षकाशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. तो बहुधा ठेकेदाराचा कंत्राटी कामगार असतो आणि दंड माफ केल्यास ती रक्कम त्याच्याच पगारातून कापली जाण्याची भीती त्याला असते. पैसे भरणे भाग पडल्यास पावतीवर 'हरकत नोंदवून भरणा' असे लिहावे, फलकाचे छायाचित्र घ्यावे, वेळ टिपावी. दबावाखाली दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क कलम ७२ देते. त्यातील 'जबरदस्ती' या शब्दाला व्यापक अर्थ आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९१३ मध्येच स्पष्ट केले होते. पावतीच देण्यास नकार मिळाला तर ती गोष्ट तक्रारीत अवश्य नमूद करावी. पावती मिळाल्यास तिच्यावरील वस्तू व सेवा कर क्रमांकावरून ठेकेदार कोण याचा शोध लागतो. अन्यथा प्रतिवादी कोणाला करावे येथपासूनच घोळ होतो. मॉल आणि ठेकेदार या दोघांनाही लेखी नोटीस द्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवल्यास काही वेळा रक्कम तेवढ्यावर परत मिळते.

त्यानंतर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आहे. या अधिनियमाच्या कलम २(४६) मध्ये 'अनुचित करार' या संज्ञेची व्याख्या असून, करारभंगामुळे झालेल्या नुकसानीच्या तुलनेत सर्वस्वी विषम असा दंड ग्राहकावर लादणे हे त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे. वाहनतळाच्या दंडाला हे शब्द तंतोतंत लागू पडतात. पण येथे कायद्याने एक विचित्र गाठ मारून ठेवली आहे. अनुचित कराराविरुद्धची तक्रार कलम ४७ नुसार राज्य आयोगाकडे जाते आणि करारातील अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकारही कलम ४९(२) अन्वये त्याच आयोगाला आहे. जिल्हा आयोगाच्या कलम ३४ मध्ये अनुचित कराराचा उल्लेख नाही. तीनशे रुपयांच्या अटीसाठी सामान्य माणसाने थेट राज्य आयोग गाठावा, ही अपेक्षा व्यवहार्य म्हणता येणार नाही.

म्हणून व्यवहारात तक्रार 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' या आधारांवर जिल्हा आयोगापुढे मांडणे सोयीचे ठरते. ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तो जाऊ शकतो. दक्षिण व मध्य मुंबईचे ग्राहक मंच अनेक वर्षे परळच्या पुरवठा भवनात भरत आले. घोडपदेवच्या रहिवाशाला तेवढे अंतर फार नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. खर्च होतो तो दिवसांचा. तीन महिन्यांत निकाल लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांसाठी घेतलेल्या रजेचे मोल दंडाहून जास्त होते, आणि दंड लावणाराही हे जाणून असतो.

या असमतोलावर कलम ३५(१)(ग) मध्ये एक उपाय आहे. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक वा अधिक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने तक्रार करता येते. एकाच वाहनतळावर एकाच फलकाखाली वर्षभरात किती जणांनी हरवलेल्या पावतीचा दंड भरला असेल, हे ठेकेदाराच्या हिशेबवहीतच असते, आणि ती वही हजर करण्याचा आदेश आयोग देऊ शकतो. १९७५ पासून कार्यरत असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था आणि महाविद्यालयांतील विधी साहाय्य केंद्रे यांनी असे एखादे प्रकरण हाती घेतल्यास प्रश्न तीनशे रुपयांचा न राहता संपूर्ण वसुलीचा होईल. वाणिज्य वा विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना परिसरातील वाहनतळांच्या फलकांवरील अटी, त्यांची भाषा आणि पावत्यांचे नमुने गोळा करण्याचे काम प्रकल्प म्हणून देता येण्याजोगे आहे. अशा तक्रारीस लागणारा निम्मा पुरावा त्यातूनच तयार होतो.